मंचरपर्यंतचे भांडण

त्यांच्या चेहऱ्यापेक्षा त्यांची पाठ मला अधिक चांगली आठवते. रुंद, ताठ, चालताना जराही न डुलणारी. डोक्यावर पदर, पदराच्या टोकाला बांधलेली भाकरी, पायात जाड कातडी वहाणा. त्या पाठीशी मी पुष्कळ भांडले आहे. आमच्या घरात भांडायची तीच पद्धत होती.

ह्या तुमच्या आजोबांच्या आत्या. लग्न होऊन दोन वर्षांत नवरा गेला, तेव्हा त्या कळंबला माहेरी परतल्या. पुढे भावाची बायको तापाने वारली आणि तिचे अकरा महिन्यांचे मूल त्यांच्या मांडीवर आले. ते मूल म्हणजे तुमचे आजोबा. मी लग्न होऊन आले तेव्हा सासरेही हयात नव्हते. घरात आम्ही तिघेच: गावच्या शाळेत मास्तर असलेले तुमचे आजोबा, आत्या, आणि पुण्यात इंग्रजी शाळेत शिकून वर कॉलेजची दोन वर्षे केलेली मी. स्वराज्य येऊन सहा-सात वर्षे झाली होती. गावातली सगळी माणसे त्यांना आत्या म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठी असलेलीसुद्धा.

हे आत्ताच लिहायला का बसले, ते तुम्हा दोघांना ठाऊक आहे. घरातली हिरव्या ठिगळांची गोधडी तुम्ही दोघांनीही मागितली आहे. त्यावरून तुमचे बोलणे बंद आहे, आणि ती मधोमध कापून अर्धी अर्धी घ्यावी असा तोडगा निघाला आहे, असे तुमच्या आईने कळवले. ती तुम्हाला देणार हे नक्की. पण त्याआधी ती कोणी शिवली, आणि ती कापायची का नाही, हे तुम्हाला वाचावे लागेल.

तर भांडणाची पद्धत. घरात आवाज चढलेला आत्यांना चालत नसे. कोणाचा चढला की त्या हातातले काम खाली ठेवत, दोघांकडे बघत आणि भांडणाला अंतर ठरवून देत. "ह्ये ओढ्यापत्तोरचं हाय." किंवा, "ह्ये एकलहऱ्यापत्तोर जाईल." मग जेवण. जेवल्याशिवाय भांडणाला निघायचे नाही. "उपाशी मानूस खोटं भांडतो," असे त्या म्हणत. "त्याचा राग पोटातला असतो आन् बोलतो भलतंच."

जेवून निघायचे. ज्याच्यावर राग असेल त्याने पुढे चालायचे, ज्याला राग आला असेल त्याने मागून. त्यामुळे पुढच्याच्या पाठीशी बोलावे लागे. मी पहिल्यांदा विचारले, असे का? तेव्हा त्या मागे न बघता म्हणाल्या, "तोंडाला लगीच राग येतो, पोरी. पाठ ऐकून घेती."

माझे पहिले भांडण ओढ्यापर्यंतचे होते. भाजीत मीठ मी घातल्यावर त्या पुन्हा घालत. खरे म्हणजे त्या चव घेतच नसत. वाफेवर नाक धरत आणि मीठ कमी आहे का ते ठरवत. मला वाटले, माझा अपमान करतात. ओढ्यापर्यंत जाईतो मी सगळे बोलून घेतले. ओढ्याशी त्या थांबल्या, पाण्यात हात बुडवून तोंडावर फिरवला, आणि म्हणाल्या, "बरं. उद्यापासनं तुझं मीठ." त्यानंतर माझ्या भाजीत त्यांनी कधी मीठ घातले नाही. पहिले आठ दिवस आम्ही सगळ्यांनी अळणी खाल्ले.

रस्त्यावर ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. शेतात कोणी औत धरलेला असला तर लांबूनच हाक मारी, "आत्या, आज कुठवर?"

"एकलहऱ्यापत्तोर."

"मंग बारकंच हाय म्हना की!"

"बारकंच. तुझं नि तुझ्या बायकूचं आसंल तर सांग, नारायणगावापत्तोर नेते."

सगळ्यांत लांबचे भांडण त्यांचे स्वतःचे, भावाशी झालेले. ते जुन्नरपर्यंतचे होते. विहीर कुठे खणायची यावरून बहीणभाऊ पहाटे निघाले ते संध्याकाळी जुन्नरला पोचले. रात्री धर्मशाळेत राहिले, दुसऱ्या दिवशी बाजारातून एक तांब्याचे घंगाळ विकत घेतले आणि कोणाच्या तरी बैलगाडीत बसून परत आले. विहीर कोणाच्या जागी खणली, हे मी दोनदा विचारले. "आता काय म्हाईत," असे त्या म्हणाल्या. "पानी लागलं येवढं खरं."

भांडण नसले तरी त्या चालतच. मी गरोदर राहिल्यावर रोज सकाळी मलाही बरोबर नेत. "बाळंतपन बसून व्हत न्हाई." बाजरीच्या शेतांतल्या बांधावरून, पुढे घोडनदीकडे. वाटेत त्यांचे डोळे सारखे काहीतरी टिपत. कोणाच्या कुंपणावर वाळत घातलेले जुने धोतर दिसले की त्या थांबत, बोटांत धरून बघत आणि त्या घरच्या बाईला हाक मारत. "ह्ये फाटलं की मला दे गं. म्हाताऱ्यानं लई मऊ केलंय."

कारण त्या गोधड्या शिवत. नव्या कापडाची गोधडी त्यांनी कधी शिवली नाही. "नवं कापड कुनाचंच नसतं," हे त्यांचे म्हणणे. कापड माणसाच्या अंगावर विरले पाहिजे, धुऊन धुऊन मऊ झाले पाहिजे, मगच ते गोधडीत जायचे. कडेने टाका सुरू करायचा, गोल गोल फिरत मध्याकडे यायचे. मधोमध तळहाताएवढी जागा उरली की ते गोधडीचे पोट. त्यात भाकरीचा एक तुकडा ठेवायचा आणि शेवटचे टाके घालायचे. "उपाशी गोधडी थंडी धरती."

आणि एक नियम होता, तो नीट वाचा. शिवलेले उसवायचे नाही. टाका वाकडा पडला असो, रंग जुळला नसो. एकदा सुई वर आली की ते ठिगळ त्या जागेचे झाले.

गोधडीसाठी जमवलेले कापड माळ्यावर ठेवलेले असे, दहा-बारा गाठोड्यांत. प्रत्येक गाठोडे एकेका माणसाचे, आणि ते त्याच माणसाच्या कापडाच्या चिंधीने बांधलेले. कोणते कोणाचे, हे फक्त आत्यांना ठाऊक. त्यांना लिहायला-वाचायला येत नव्हते. अंधारात हात घालून त्या हवे ते गाठोडे काढत.

मला पाचवा महिना लागला तेव्हा आत्यांना राजुरीला जावे लागले. तिकडे त्यांच्या एका भाचीचे बाळंतपण होते. आठ-दहा दिवस लागणार होते. निघताना त्यांनी मला डाळ, तांदूळ, हुलग्याचे पीठ, सगळे कुठे आहे ते सांगितले. माळ्याबद्दल काही सांगितले नाही. सांगायचे कारणही नव्हते.

मी लहानपणापासून व्यवस्थित. आमच्या पुण्याच्या घरी बरण्यांवरसुद्धा चिठ्ठ्या असत. आत्या परत येतील तेव्हा त्यांना आश्चर्याचा धक्का द्यावा म्हणून मी दुसऱ्याच दिवशी माळा काढला. झाडला, सारवला, गाठोडी सोडली. कापड वेगवेगळे केले, पुन्हा घड्या घालून बांधले आणि प्रत्येकावर शाईने लिहिलेली चिठ्ठी टाचली. 'जाड'. 'पातळ'. 'रंगीत'. 'पांढरे'. एका गाठोड्यात फक्त एक हिरवे लुगडे होते, काळ्या काठाचे, इतके विरलेले की उजेडात धरले तर पलीकडचे दिसावे. त्याच्यावर मी लिहिले, 'निरुपयोगी'.

त्याच दुपारी दारात बोहारीण आली. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी, डोक्यावर पाटी. तिच्याकडे जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, एक चकचकीत पातेले होते. तिने लुगडे उलगडून नाक मुरडले, मी माझी एक जुनी साडी वर घातली, आणि पातेले माझे झाले. मला फार आनंद झाला. सासरी येऊन मी स्वतः मिळवलेली ती पहिली वस्तू होती.

आत्या नवव्या दिवशी परत आल्या. पाय धुतले, चुलीपाशी गेल्या आणि पातेले पाहिले.

"ह्ये कुठनं आलं?"

मी उत्साहाने सांगितले. माळ्याचेही सांगितले. त्या शिडी चढून वर गेल्या. बराच वेळ वर होत्या. मी खालून विचारत होते, "आवडलं का? आता सगळं नीट सापडेल." त्या खाली उतरल्या तेव्हा हातात काही नव्हते. त्यांनी भाकरीचे पीठ मळायला घेतले, तीन भाकऱ्या थापल्या, मला वाढले, आणि मी जेवून हात धुतल्यावर म्हणाल्या,

"ते हिरवं तुझ्या सासूचं व्हतं."

तुमच्या पणजीचा फोटो नाही. त्या काळी कळंबच्या शेतकऱ्याच्या बायकोचा फोटो कोण काढणार? तिचे डोरले होते, ते तिच्या आजारपणात गेले. घरात तिचे म्हणून उरलेले ते एकच लुगडे. तुमच्या आजोबांनी आईचा चेहरा पाहिलेला नव्हता, निदान त्यांना आठवत नव्हता. आत्यांनी तेवीस वर्षे ते लुगडे जपले होते, ते एका कामासाठी. त्यांच्या भाच्याला मूल होईल तेव्हा त्याच्या पहिल्या गोधडीत ते जायचे होते. "आजी मांडीवर घ्यायला न्हाई," त्या म्हणाल्या, "पन पांघरायला तरी मिळाया पायजे."

मी रडायला लागले. त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला नाही. ओरडल्याही नाहीत. "उद्या मंचर," एवढेच म्हणाल्या. "त्याला इतक्यात सांगू नगं."

सकाळी उठून पाहते तर आत्या जर्मनच्या पातेल्यात शेंगोळी शिजवत होत्या. हुलग्याच्या पिठाची, लसूण घातलेली, दाट रश्शाची. त्या पातेल्याकडे त्या अशा बघत होत्या, जणू परक्याचे पोर घरात जेवायला बसले आहे.

"हे कशाला?" मी विचारले.

"ज्याच्याकडं लुगडं आसंल त्याला भांडं परत द्यायचं. रिकामं भांडं देत्यात व्हय कुनाला?"

पातेले फडक्यात बांधून त्यांनी डोक्यावर घेतले आणि निघालो. एस.टी. जात होती, पण आत्या कधी तीत बसत नसत. आज पुढे त्या होत्या, मागे मी. मला ते कळेना. राग त्यांना आला होता, म्हणजे मागून त्यांनी चालायला हवे होते. पाच मैल मी डोळे पुसत, त्या पाठीकडे बघत चालले आणि वाट पाहिली. एकलहरे गेले. त्या बोलल्या नाहीत. एका शेतातून कोणी ओरडले, "आत्या, आज कुठवर?" तर त्यांनी नुसता हात वर केला. तो माणूस औत सोडून उभाच राहिला.

बोहारीण मंचरला बाजाराच्या मागे राहत असे. आत्यांना पाहून ती घाबरली.

"हिरवं व्हय? ते मी त्याच दिशी इकलं की. पिंजाऱ्याच्या म्हातारीनं नेलं. मऊ कापड म्हनल्यावर ती सोडती व्हय?"

पिंजाऱ्याचे घर मुसलमानांच्या आळीत होते. बाहेरच्या खोलीत मुलगा कापूस पिंजत होता, सगळीकडे तंतू उडत होते. आतल्या अंगणात त्याची आई चटईवर बसली होती. साधारण आत्यांच्याच वयाची, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. तिच्यापुढे गोधडी पसरलेली होती आणि गोधडीत हिरवी ठिगळे होती. आठ. मी मोजली. शेजारी न शिवलेली चार ठिगळे आणि काठाची घडी.

आत्यांनी पातेले खाली ठेवले, गोधडीपाशी वाकल्या आणि अंगठ्याने टाके चाचपले.

"टाके बारीक हायेत," त्या म्हणाल्या.

"डोळं गेलं, न्हाईतर याहून बारीक घालत व्हते," म्हातारी म्हणाली. "बसा की बाई. कुठनं आलात? ए छोकरी, पानी ला गं."

एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी पाणी घेऊन आली. म्हातारीची नात. गोधडी तिच्यासाठीच होती. महिन्याभरात तिचे लग्न होते. आत्यांनी पाणी प्यायले आणि कोणाचे लुगडे, कसे गेले, ते चार वाक्यांत सांगितले. माझ्या नावाचा उल्लेखही केला नाही. "घरातनं चुकून गेलं," एवढेच.

म्हातारीने चष्मा काढला. मग कात्रीकडे हात नेला.

"उसवून देते. काय दोन तासांचं काम हाय."

माझा जीव भांड्यात पडला. मी म्हणाले, "द्या, मीही मदत करते."

आत्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. कात्रीवर हात ठेवला. "न्हाई. शिवलेलं उसवायचं न्हाई."

"आहो, तुमच्या वैनीचं ते. पोराची आई. मला काय, दुसरं कापड मिळंल."

"सुई वर आली की ते तुमचं झालं. तुमच्या नातीच्या अंगावर जाऊ द्या. तीबी कुनाची लेकच हाय."

"लई हट्टी बाई हाय," म्हातारी मला म्हणाली.

"पन जे शिवलं न्हाई ते द्या," आत्या म्हणाल्या. "ती चार, आन् काठ."

"घ्या की. त्याच्यासाठी इचारताय?"

"आन् पोट भरलंय का हिचं?"

"कुनाचं? छोकरीचं?"

"गोधडीचं."

म्हातारी हसायला लागली. तिच्या घरात अशी रीत नव्हती. आत्यांनी पदराच्या टोकाची भाकरी सोडली, तुकडा मोडला आणि पुढे केला. "ठिवा. उपाशी कशाला धाडता पोरीला?" म्हातारी आत्यांकडे बघत राहिली, मग "बिस्मिल्ला" म्हणाली आणि तुकडा मधोमध ठेवून वर टाके घातले. दोन टाके तिने, दोन आत्यांनी. मग आम्ही सगळ्यांनी शेंगोळी खाल्ली. पिंजाऱ्याचा मुलगा दोनदा वाढून घेऊन गेला. पातेले तिथेच राहिले. पंधरा दिवसांनी ते खिरीने भरून कळंबला आले, आणि त्यानंतर किती वर्षे ते रिकामे न होता दोन्ही घरांत फिरत होते, ती वेगळी गोष्ट.

परतीच्या वाटेवर चार ठिगळे माझ्या हातात होती. नदीच्या पुलावर आत्या थांबल्या.

"आता भांड," त्या म्हणाल्या.

"मी? चूक माझी होती."

"म्हनूनच. चूक हाय म्हनलं की मानूस गप बसतं, आन् मंग ते आतच ऱ्हातं. म्हनून तर मी म्होरं चालले. मला वाटलं, बोलशील. पाच मैल तू नुसती रडत आलीस." मग त्यांनी विचारले, "त्या चिठीवर काय लिहिलं व्हतंस?"

खोटे सांगता आले असते. त्यांना वाचता येत नव्हते. मी सांगितले, "निरुपयोगी."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा चालू लागल्या. पुढे. आणि काय झाले कोण जाणे, मी त्या पाठीवर ओरडले. म्हणाले, मला कोणी सांगितले का? दहा गाठोडी, सगळी सारखी, कशावर नाव नाही. मला काय स्वप्न पडणार होते? या घरात येऊन आठ महिने झाले. भिंतीवर सासऱ्यांची काठी टांगली आहे, तिला रोज हात जोडते. सासूबाईंचा कोणी शब्द काढत नाही. त्या काळ्या होत्या की गोऱ्या, मला माहीत नाही. मला माझ्या सासूचे नावसुद्धा माहीत नाही!

पाठ थांबली. त्या वळल्या. भांडण चालू असताना त्या वळल्याचे मी तेवढे एकदाच पाहिले.

"नाव सांगितलं न्हाई तुला?"

"कोणी सांगायचं? ह्यांना विचारलं तर ते विषय बदलतात. तुम्हाला विचारायची भीती वाटते."

"आन् त्यो मला इचारत न्हाई," त्या हळू म्हणाल्या. "मला वाटायचं, त्याला नगं आसंल."

"त्यांना वाटतं, तुम्हाला वाईट वाटेल. तुम्ही त्यांना वाढवलंत. आई आई करून तुम्हाला दुखवायचं नाही त्यांना."

रस्त्याच्या कडेला एक चिंच होती. आत्या तिच्या मुळावर बसल्या. मी त्यांना वाटेत बसलेले कधी पाहिले नव्हते.

"सगुना," त्या म्हणाल्या. "सगुना नाव व्हतं तिचं."

पुढचे अडीच-तीन मैल त्या बोलत होत्या. सगुणा सावळी होती. उंच होती, दारातून आत येताना डोके वाकवायची. तिला मासवडी कधी जमली नाही. वळताना सारण बाहेर यायचे आणि ती ते आधीच खाऊन टाकायची. तिला हसू आले की आवाज यायचा नाही, नुसते खांदे हलायचे. त्या दोघींचे एकदाच भांडण झाले होते, ओढ्यापर्यंतचे, आणि अर्ध्या वाटेत सगुणाला हसू आले, म्हणून ते पुरे झाले नाही. ताप आला तेव्हा ते हिरवे लुगडे तिच्या अंगावर होते.

"त्याचेबी खांदं तसंच हलत्यात," आत्या म्हणाल्या. "तुझ्या ध्यानात आलंय का?"

आले होते. मला वाटले होते, ती त्यांची स्वतःची लकब आहे.

घरी पोचलो तेव्हा तुमचे आजोबा शाळेतून आलेले होते. आम्ही काही बोललो नाही. मी चिठ्ठ्या सगळ्या काढून चुलीत घातल्या. दुसऱ्या दिवशी रविवार. आत्यांनी सकाळीच मासवड्या केल्या. त्या त्यांच्या नेहमीसारख्या सुबक, एकाही वडीतून सारण बाहेर नाही. आम्ही जेवलो. जेवण झाल्यावर आत्यांनी वहाणा घातल्या.

"चल," त्या तुमच्या आजोबांना म्हणाल्या.

ते गोंधळले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. "आत्ये, माझं काय चुकलं?"

"तुझं न्हाई. माझं चुकलंय."

"मग कुठवर?"

"मंचरपत्तोर."

"एवढं मोठं?"

"तेवीस वर्षांचं हाय," त्या म्हणाल्या.

तुमच्या आजोबांनी टोपी घातली आणि रीतीप्रमाणे मागे सरून वाट दिली. चूक आत्यांची, म्हणजे पुढे त्यांनी चालायचे. त्या हलल्या नाहीत. त्यांनी भाच्याच्या दंडाला धरले आणि त्याला पुढे ढकलले.

"आज तू म्होरं चाल. मी मागनं सांगते."

मी दारात उभी होते. सुरुवातीला ते मास्तरांसारखेच चालत होते, ताठ, हात मागे बांधून. देवळापाशी त्यांचे पाऊल अडखळले. मग त्यांनी टोपी काढली आणि ती तोंडावर धरली. खांदे हलताना दिसत होते. हसत होते की रडत होते, ते दारातून कळत नव्हते, आणि मागून चालणाऱ्या आत्यांनाही कळत नव्हते. त्यासाठीच त्यांनी भाच्याला पुढे घातले होते. त्या तीन पावले मागे राहून, शेताकडे बघत, एका चालीने जात होत्या आणि बोलत होत्या.

गोधडी तुमच्या आईच्या जन्माआधी आठ दिवस पुरी झाली. चार हिरवी ठिगळे आणि भोवती काळा काठ. तुमच्या आईचे नाव सगुणा का ठेवले, हे तिने कधी तुम्हाला सांगितले असेल-नसेल, आता कळले.

लुगडे शिवलेले नव्हते तोवर दोन घरांत वाटले गेले, त्याला आत्यांची ना नव्हती. गोधडी शिवलेली आहे. ती कापायची नाही, आणि याबाबत मी कोणाचे काही ऐकणार नाही. पुढच्या महिन्यात तुम्ही दोघे एकत्र याल तेव्हा आधी पोटभर जेवा. मग एखादा लांबचा रस्ता बघा आणि निघा. थोरल्याने पुढे चालावे. परत याल तेव्हा गोधडी कोणाकडे पाठवायची ते मला कळवा. मी ती बांधून ठेवली आहे.